उंबऱ्यावरची चार बोटं

आमच्या मोठमायला आमरस चालत नसे. आखाजीच्या दिवशी रसाला नाही म्हणणारं माणूस अख्ख्या खानदेशात शोधून सापडायचं नाही, आणि ते नेमकं आमच्याच घरात निघालं. पोरं रसाच्या वाट्या तिच्या नाकापुढं नाचवायची. ती म्हणायची, "मन्हा वाटाना तुम्हीच खा रे बा," आणि गोड सांजोरीचा तुकडा मोडून तोंडात टाकायची.

मोठमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. नाव गुलाबबाई. आमचं घर नवापूरचं, थोडी शेती, आणि मी लाकडाच्या वखारीत कारकून. मोठमायला मूलबाळ झालं नाही. आम्हा भावंडांना तिनंच वाढवलं, म्हणजे बडवलंही तिनंच. तिच्या तोंडाला लागायची माझ्या आजीचीही छाती नव्हती, आणि आजी काही साधीसुधी बाई नव्हती.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकीबाळींचा सण. सासरी गेलेली प्रत्येक बाई त्या दिवसांत माहेरी जाते, झोके खेळते, गौराईची गाणी म्हणते, मनसोक्त रडते-भांडते आणि हलकी होऊन परत येते. आमच्याही घरातून एकेक बाई निघायची. आई तळोद्याला, धाकटी काकू नंदुरबारला, पुढं माझी बायको खांडबाऱ्याला. मागं उरायचे पुरुष, आजी आणि मोठमाय. सगळ्यांचा पुरणाचा स्वयंपाक ती एकटी रांधायची आणि संध्याकाळी ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या लेकींचे झोके बघायची. लहानपणी मी एकदा तिला विचारलं, तुझं माहेर कुठं आहे? ती म्हणाली, "बापना क्वार्टरमा व्हतं. बाप मरी गया, क्वार्टर रेल्वेनी परत लिधं." आम्ही हसलो, तीही हसली. मग तिनं चूल इतक्या जोरात फुंकली की राख डोळ्यांत गेली, आणि बराच वेळ ती राखच पुसत बसली.

मोठेबाबा, म्हणजे तिचा नवरा, जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. अडतीस सालच्या उन्हाळ्याआधी आजीही गेली. त्या वर्षी आखाजी तोंडावर आली असताना मोठमाय कुंभाराकडून एक कोरी घागर घेऊन आली आणि माझ्यापुढं उभी राहिली.

"बापू, माले शहाद्याले ली चाल."

मला रागच आला. वखार बंद, बायको माहेरी, दोन-तीन दिवस नुसतं आडवं पडून काढायचे असा माझा बेत होता. शहादा म्हणजे आधी आगगाडी, मग मोटार, मग तापीवर नाव, मग बैलगाडी, आणि हे सगळं वैशाखात. मी म्हटलं, "शहाद्याले तुन्हं कोन शे?"

"कोन्ही नही," ती म्हणाली. "म्हनीसन तं जानं शे."

आगगाडीत बसल्यावरही तिनं घागर मांडीवरून खाली ठेवली नाही. मी फळीवर ठेवायला सांगितली तर म्हणाली, फळी हलते. समोर सुरतेकडचा एक व्यापारी बसला होता. त्यानं कौतुकानं विचारलं, यात तूप का? मोठमाय म्हणाली, "नही. पितर शेतस." तो उठून पलीकडच्या बाकावर गेला. मग डब्याचा तो कोपरा आमचाच झाला, आणि तिथं तिनं मला जे सांगितलं ते तोवर आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

"मी रेल्वेवाला बापनी पोर नही, तो मन्हा मामा व्हता," ती म्हणाली.

तिचं जन्मगाव शहादा. बाप दोधू पाटील, आई केसरबाई, थोरला भाऊ मगन. तिच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली म्हणून हिचं नाव दगू ठेवलं. दगडाला कशाला कोण नेईल, असा आईबापांचा भाबडा हिशेब. ती नऊ-दहा वर्षांची असताना गावात प्लेग आला. माणसं घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिली. तिथं आधी मगन गेला, मग आई. बाप तापला तेव्हा त्यानं मेहुण्याला निरोप धाडला. मामा पोचला तोवर बापही गेला होता. मामानं त्याला अग्नी दिला, भाचीला गाडीत कडब्याखाली झाकलं आणि कोणालाही न सांगता रस्ता धरला. कारण तेव्हा स्टेशनात डॉक्टर बसत, काखा-जांघा चाचपत, आणि प्लेगच्या गावचं माणूस सापडलं की उचलून छावणीत टाकत. मामा रेल्वेत पॉइंट्समन. असं माणूस लपवून आणलं हे कळलं असतं तर त्याची नोकरीच गेली असती. त्यानं पोरीला बजावलं, "कोन्ही पुशे तं मन्ही पोर शे म्हनजो. शहादानं नाव काढजो नको."

पोरीनं ते असं पाळलं की मामाची लेक म्हणूनच ती बोहल्यावर उभी राहिली. सासरी नाव बदलून गुलाब झालं. मामा लवकर वारला, मामी मुलांना घेऊन गुजरातेत भावाकडे गेली. प्लेगच्या घरची पोर आमच्या गळ्यात बांधली असं सासूनं म्हणू नये, म्हणून ही पुढंही गप्पच राहिली. मोठेबाबांनाही तिनं कधी सांगितलं नाही. दगू हे नाव माझ्यापुढं उच्चारताना तिनं आधी इकडंतिकडं पाहून घेतलं. एवढ्या वर्षांनी, रिकाम्या बाकांमध्ये.

मी तिच्याच हातचं खाऊन वाढलो होतो आणि मला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

घागरीचं कारण मग मला विचारावं लागलं नाही. आखाजीला पितर आपापल्या उंबऱ्यावर येतात असं आमच्याकडे मानतात. घरचं माणूस कुंकवात बोट बुडवून उंबऱ्यावर एकेक बोट ओढतं आणि दर बोटाला गेलेल्या एकेकाचं नाव घेतं. मग त्यांच्या नावाच्या कोऱ्या घागरी पाण्यानं भरायच्या, वर डांगर म्हणजे खरबूज, आंबे आणि सांजोरी ठेवायची, आणि त्यांच्या जागी माणसं पानावर बसवून जेवू घालायची. माझा यावर फारसा विश्वास नाही. पितरांची तहान वर्षातून एकदाच कशी भागते असं मी लहानपणी आजीला विचारलं होतं, तेव्हा उत्तरादाखल पळीचा मार खाल्ला होता.

"तधयपासून त्यासले पानी कोनी दिन्हं व्हई?" मोठमाय म्हणाली. "दर आखाजीले तिन्ही जन उंबरावर ईसन तशाच तिशा परत जात व्हतीन. आठे नवापूरले भरसू म्हनं तं त्यासले हाई घर ठाऊक नही. आते सासू नही, तुन्हा मोठाबाबा नही, मन्हं तोंड बांधेल नही. घर पडेल व्हई. पन उंबरा तं व्हई. तठे एक घागर भरसू नी मोकयी व्हसू."

"आन उंबरा तुले वयखू येई?"

"येई. उजवा कोपराले मगननी खियाघाई बैल कोरेल शे. तीन पायना. चवथा पाय कोराले लागना नी बापनी थापड दिन्ही."

नंदुरबारहून मोटारीनं तापीपर्यंत, मग नावेतून पलीकडे प्रकाशाला. तिथं धर्मशाळेत मुक्काम. आखाजीच्या सकाळी उजाडताच भाड्याची बैलगाडी केली. माझं अंग मोडून आलं होतं. मोठमाय मात्र गाडीत ताठ बसून मला रस्ता सांगत होती. गोमाई नदीच्या काठानं वर आलं की मोठी चिंच, चिंचेला वळसा घातला की गल्ली, गल्लीत उजव्या हाताला आधी चुलत्याचं घर, मग तिचं. दाराशी कडुनिंब. ओट्यावरून उडी मारली की थेट निंबाच्या सावलीत. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक झाला होता. लहान पोर बोलते तसं ती बोलत होती, आणि गाडीवान मागं वळूनवळून बघत होता.

गोमाई होती. चिंच नव्हती. तिथं कापसाच्या जिनाचं धुरांडं होतं.

मोठमाय गाडीतून उतरली आणि उभीच राहिली. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, मग माझ्याकडं, जणू गाव चुकून दुसरीकडंच आणलंय मी. आम्ही जिनाच्या भिंतीच्या कडेनं चालत गेलो. भिंत लांबच लांब, आत कुठंतरी सरकीचा ढीग असावा, तसा वास येत होता. सणाचं जिन बंद होतं. फाटकाशी पहारेकरी बसला होता, त्याला तिनं विचारलं, "आठे घरं व्हतीत ना रे बा?"

"मी उनू तधयपासून तं भितच शे, माय," तो म्हणाला.

मग आम्ही विचारत फिरलो. दोधू पाटलाचं घर कुठं? चुलत्याला ती नुसता काका म्हणायची, त्याचं नाव तिला सांगता येईना. एका दुकानदारानं तीन दोधू सांगितले, तिन्ही जिवंत. पाणवठ्यावरच्या बायांनी घागरीकडं पाहिलं, तिच्या पांढऱ्या कपाळाकडं पाहिलं आणि मान हलवली. एका घरापुढं झोका बांधला होता. माहेरी आलेल्या चार-पाच पोरी त्यावर एकमेकींना ढकलत होत्या. मोठमायनं त्यांना काहीच विचारलं नाही, नुसती उभी राहिली. त्यातली एक म्हणाली, "काय दखतस, आजी? बठनं शे का?" आणि सगळ्या हसल्या. वाईट हेतूनं नाही. पण मला त्यांचं ते हसू अजून सहन होत नाही.

मोठमाय परत जिनाच्या भिंतीपाशी आली. भिंतीवर तळहात ठेवून म्हणाली, "आठे कोठेतरी चूल व्हती." मग पदरानं तोंड पुसलं. "चाल बापू. उंबराबी नही ऱ्हायना."

तिनं तोवर माझ्यापुढं कधी हार मानली नव्हती. मी म्हटलं, भिंतीशीच भरू घागर, आत तुमचीच जागा आहे. ती म्हणाली, भिंतीत पितर कुठून शिरतील? ऊन चढत होतं, आणि घागरी तर दुपारच्या आत भरायच्या असतात. मी घागर घेतली आणि तिला सावलीसावलीनं मागच्या बोळातून गाडीकडं न्यायला निघालो.

त्या बोळातच एका घराच्या गोठ्याचं दार उघडं होतं. दारात एक म्हातारा पाटील उकिडवा बसला होता, शेजारी कुंकवाचं ताट धरून त्याची बायको. चार कोऱ्या घागरी ओळीनं मांडल्या होत्या. म्हातारा बोट बुडवून उंबऱ्यावर ओढत होता. गोठ्याच्या दाराशी पितर बसवायची ही कुठली तऱ्हा, असं माझ्या मनात आलं, तेवढ्यात मोठमायनं माझी बाही धरली. इतकी घट्ट की शिवण उसवली. उंबऱ्याच्या उजव्या कोपऱ्यात खिळ्यानं कोरलेला बैल होता. तीन पायांचा.

"दोधू भाऊ," म्हातारा म्हणाला आणि बोट ओढलं. "केसर वहिनी." दुसरं बोट. "मगन." तिसरं.

मग त्यानं ताट बायकोच्या हातून घेतलं. बाई पुढं सरकली. तिनं कुंकवात करंगळी बुडवली आणि तिन्ही बोटांना चिकटून एक लहानसं बोट ओढलं.

"दगू," ती म्हणाली.

मी मोठमायकडं पाहिलं. ती त्या लहान बोटाकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

बाईनं वर पाहिलं. "कोन पाहिजे व बाई?"

"कोन्ही नही," मोठमाय म्हणाली. "पानी पेवाले थांबनूत. नवापूरना पाटील शेतस आम्ही."

"मंग दारमा काब्र उभ्या? आखाजीना दिन पानी मांगाले उनात, आतमा या."

त्या घरच्या बाईचं नाव भिकुबाई, आणि म्हातारा तिचा नवरा चुडामण पाटील, म्हणजे दोधू पाटलाचा चुलतभाऊ. चुलत्याचं घर उजव्या हाताला, असं मोठमाय गाडीत म्हणाली होती ते यांचंच. जिन उभं राहिलं तेव्हा ते सगळेच इकडं मागच्या बोळात सरकले होते. हे मला पाणी पिता पिता कळत गेलं, कारण भिकुबाईला बोलायला माणूस हवंच होतं.

"गोठाना दारले इतला जुना उंबरा?" मोठमायनं विचारलं. आवाज अगदी साधा.

"आमना चुलत जेठना शे," भिकुबाई म्हणाली. "पलेगमा सगयं घर बसी गयं त्यासनं. चारी जन ग्यात. मांगे घर पडनं, जागा जिनमा गयी. मी यासले सांगं, भिती जाऊ द्या, पन उंबरा उचली लया. पितर येतीन तं उतरतीन कोठे? आमना पुढना दारले आमना पितर. हाई दार त्यासनं."

"चारी जन ग्यात?"

"चारी. धाकली पोर जित्ती ऱ्हायनी अशी म्हने कोन्ही कोन्ही. मी धावत गऊ तं झोपडी सरकारना मानसंस्नी पेटाडी दिन्हेल. राखच ऱ्हायनी व्हती." तिनं तांब्या खाली ठेवला. "मी तधय नवी नवरी. आठे कोन्ही मन्हासंगे बोले नही. तीच पोर सकायमा ये नी मन्हा केसनी येनी घाले. सात-आठ वरीसना फरक, पन सई व्हती मन्ही."

मी खाकरलो. बोलायला तोंड उघडलं. मोठमायनं माझ्याकडं न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. लहानपणी पाहुण्यांसमोर गप्प बसवताना ती असाच दाबायची.

भिकुबाईचं लक्ष माझ्या मांडीवरच्या घागरीकडं गेलं. "हाई कोनी?"

"मन्हा मायबापनी," मोठमाय म्हणाली. "भराले उनू व्हतू. पन घर व्हतं तठे काहीच नही ऱ्हायनं."

"मंग आठे ठेवा. उंबरा काय कोन्हा एकलाना शे?" भिकुबाईनं घागर माझ्याकडून घेतली, पाण्यानं भरली आणि त्या चार घागरींच्या शेजारी मांडली. वर डांगराची फोड आणि दोन आंबे ठेवले. कुंकवाचं ताट पुढं केलं. मोठमाय मागं सरली. "मी कपाय पुसेल बाई," ती म्हणाली.

"पितरले काय तेन्हं?" भिकुबाई म्हणाली. "वढा. नावं सांगा."

"नावं मनमा लेस."

मोठमायनं बोट बुडवलं आणि त्या चार बोटांच्या शेजारी आपली बोटं ओढली. मी नीट बघत होतो. तिनं तीनच ओढली.

चुडामण पाटलानं विस्तवावर तूप सोडलं. धूर झाला. आत पानं मांडली होती, चार. दोधू आणि केसर यांच्या पानांवर शेजारचं एक म्हातारं जोडपं दर वर्षी बसायचं, ते येऊन बसलंही होतं. मगन आणि दगूच्या पानांवर त्याच जोडप्याची नातवंडं बसत. पण नातीचं त्या वर्षी लग्न होऊन ती सासरी गेली होती, आणि नातू झोक्यांच्या घोळक्यातून हाका मारूनही येईना. भिकुबाईनं दोन रिकाम्या पानांकडं पाहिलं, मग आमच्याकडं.

"तुम्ही बठा," ती म्हणाली. "पान रिकामं ठेवता येस नही."

"धाकली पोरना पानवर मी म्हातारी?" मोठमाय म्हणाली.

"पोर ऱ्हाती तं आते तुमनाच वयनी ऱ्हाती," भिकुबाई म्हणाली. "बठा."

अशी ती बसली. शेजारी मी, मगनच्या पानावर, दोन दिवसांचा भुकेला. समोर आईबापांच्या पानांवर दोन परके म्हातारे पुरणपोळी मोडत होते. मोठमाय त्यांच्याकडं बघत जेवत होती. म्हाताऱ्याला ठसका लागला तर हिनं आपला पाण्याचा पेला पुढं सरकवला. त्यानं तो घटघट प्यायला, आणि तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं पुसलं नाही. पितराच्या पानावर रडलेलं घरच्यांना चांगलंच वाटतं, कोणी काही विचारलं नाही.

भिकुबाई रसाचं पातेलं घेऊन ओळीनं वाढत आली आणि तिच्या पानापाशी थबकली.

"हाऊ पानवर मी रस वाढस नही," ती म्हणाली. "त्या पोरले रस चाले नही. सांजोरी दोन जास्ती वाढस. तुमले पाहिजे तं येगया वाढसू."

"नको," मोठमाय म्हणाली. "मालेबी चालस नही."

भिकुबाई "बरं" म्हणाली आणि पुढं गेली. मला वाटलं आता ती वळेल, आता बघेल. ती वळली नाही. माझ्या वाटीत तिनं भरभरून रस ओतला, कारण मगनला आवडायचा.

जेवणं झाली. रीत म्हणून भिकुबाईनं एकेका पितराच्या पाया पडायला सुरुवात केली. मोठमायपाशी आली तेव्हा ती खाली बसली, तिच्या पावलांवर हात ठेवले आणि मान खाली घालूनच म्हणाली, "दगू, पोट भरनं ना व?"

मोठमायचा हात भिकुबाईच्या डोक्यापर्यंत गेला. पिकलेल्या केसांवरून, वेणीवरून खाली येत राहिला.

"भरनं," ती म्हणाली.

तिथून निघेपर्यंत मी कसाबसा तोंड बंद ठेवून होतो. गाडीत गाडीवान होता. प्रकाशाला नावेत बसलो, मधे पाणी आलं, आणि मग माझा बांध फुटला. मी मोठमायवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. ज्या माहेरासाठी प्रत्येक आखाजीला चुलीपुढं बसून राखेचं निमित्त करून रडलीस, ते माहेर समोर होतं, तुझी सई समोर होती, आणि तुझ्यानं एक शब्द बोलवला नाही? ती बिचारी बाई तुझ्या नावानं घागर भरतेय, तिला तरी कळू द्यायचं होतं. मी आत्ता परत फिरतो आणि सांगून येतो.

"बठ खाले, नाव डुबाडशी," मोठमाय म्हणाली.

मी बसलो. तिच्या मांडीवर आता घागर नव्हती, तरी हात तसेच गोल धरलेले होते.

"सांगतू तं काय व्हतं?" ती म्हणाली. "रडतूत. चार दिन ऱ्हातू. मंग एक पाव्हनी म्हनीसन गाडीमा बठाडी देती. आन पुढना सालले तिनी तीनच बोटं वढी ऱ्हाती." तिनं करंगळी पुढं केली. नखाच्या कडेला कुंकू होतं, कशाचं कोण जाणे, तिनं तर मधल्या बोटानं ओढली होती. बहुतेक उठता उठता तिनं त्या लहान बोटाला हात लावून घेतला असावा. "त्या सगया गावमा मन्हं नाव एकच जागे लेतस, बापू. मन्हा मायबापना जोडे. जित्ती व्हयनू तं तठून पुसाई जासू. मरेल शे तं घरमा शे."

तापी संथ होती आणि नावाडी काहीतरी गुणगुणत होता. मला तिचा हात धरावासा वाटला. धरला नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही.

त्यानंतर मोठमाय आणखी सहा आखाज्या जगली. बाया माहेरी जायच्या, ती पुरण घाटायची. संध्याकाळी ओट्यावर बसायची. एकटी तेवढीच होती ती, त्यात काही फरक पडला नाही, असं म्हणणं मला भाग आहे. फक्त दुपारी पितर जेवायच्या वेळी ती हातातलं काम ठेवून घटकाभर स्वस्थ बसायची आणि विचारलं तर म्हणायची, "जेवी ऱ्हायनू."

चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात ती गेली. पुढची आखाजी आली तेव्हा आमच्या उंबऱ्यावर तिचं पहिलं बोट ओढायचं होतं. त्या वर्षी आई माहेरी गेली नाही. तिनं ताट धरलं, मी बोट ओढलं आणि नाव घेतलं, गुलाबबाई. तेव्हा मी आईला सगळं सांगून टाकलं. आई ऐकता ऐकता खाली बसली. जाऊबाईनं इतकी वर्षं आपल्यापासूनही लपवलं म्हणून आधी रागावली, मग पदर तोंडाला लावून रडली. मग एकदम सावरून म्हणाली, "अरे, मंग शहाद्याले निरोप धाडना पडी. माहेरना मानसं शेतस. त्यासले तं कयाले पाहिजे, ती गयी म्हनीसन."

"नको, माय," मी म्हणालो. "त्यासले ठाऊक शे."